एका गाण्याचे दोन सातबारे

30 मे 2025 रोजी अमेरिकी गायिका-गीतकार टेलर स्विफ्टने आपल्या संकेतस्थळावर एक पत्र टाकलं. पहिल्या सहा अल्बमची मूळ रेकॉर्डिंग आता आपल्या मालकीची झाली आहेत, हा त्याचा मथितार्थ. किंमत साधारण 36 कोटी डॉलर, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. गाणी हिनेच लिहिलेली, आवाज हिचाच, मग हिने नेमकं विकत घेतलं काय?

याचं उत्तर तिच्या पहिल्या अल्बममध्ये आहे. म्हणून इथे बाकीचे पाच बाजूला ठेवून त्या एकाचीच मालकी उलगडून पाहू.

अल्बम कोणता आणि तो आला कुठून?

अल्बमचं नाव तिच्याच नावावरून, 'टेलर स्विफ्ट'. तारीख 24 ऑक्टोबर 2006, गाणी 11, गायिकेचं वय 16. जन्म पेनसिल्व्हेनियातला, ती 14 वर्षांची असताना कुटुंब टेनेसी राज्यात, नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलला राहायला आलं. कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीताचं नॅशव्हिलशी नातं तमाशाचं नारायणगावाशी आहे तसं आहे. कलावंत कुठलाही असो, सुपारी ठरते तिथेच.

आरसीए या मोठ्या कंपनीने तिच्याशी 'डेव्हलपमेंट' करार केला होता. अशा करारात कंपनी शिकण्या-घडण्यासाठी थोडे पैसे देते, पण अल्बम काढायचं वचन देत नाही. ती तिथून बाहेर पडली. दरम्यान सोनी/एटीव्ही या संगीत प्रकाशन कंपनीने, म्हणजे गीतकारांच्या रचनांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने, तिला गीतकार म्हणून करारबद्ध केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचंच महत्त्व आहे. नॅशव्हिलमधल्या ब्लूबर्ड कॅफे या छोट्याशा जागेत तिला गाताना स्कॉट बोर्चेटा यांनी ऐकलं. ते तेव्हा स्वतःची नवी कंपनी काढायच्या बेतात होते. तीच बिग मशीन रेकॉर्ड्स. करार झाला तेव्हा टेलर 15 वर्षांची होती.

पहिल्या आठवड्यात अल्बमच्या जेमतेम 40,000 प्रती गेल्या आणि बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या मुख्य यादीत तो 19 व्या क्रमांकावर आला. मग गावोगावच्या प्रयोगांवर नाटक वाढत जावं तसा तो वाढत गेला. 5 व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि त्या यादीत दीडशेहून अधिक आठवडे राहिला.

गाणं एक, मालमत्ता दोन

मराठी नाटक पाहणाऱ्याला हा मुद्दा चटकन कळेल. नाटककार संहिता लिहितो. निर्माता ती रंगमंचावर उभी करतो: नट, नेपथ्य, प्रकाश, बस, जाहिरात. प्रत्येक प्रयोगामागे नाटककाराला मानधन मिळतं, नफा-तोटा निर्मात्याचा. वीस वर्षांनी दुसरा निर्माता तीच संहिता नव्या संचात उभी करू शकतो. नाटककाराची परवानगी लागते, पण जुन्या निर्मात्याचा मूळ संहितेवर हक्क नसतो. जुन्या प्रयोगाचं चित्रीकरण मात्र त्या जुन्या निर्मात्याचंच राहतं.

गाण्याचंही तसंच. शब्द आणि चाल मिळून झाली 'रचना'. तिचे हक्क गीतकार-संगीतकाराकडे आणि त्यांच्या प्रकाशन कंपनीकडे असतात. ती रचना एका दिवशी, एका स्टुडिओत, ठरावीक वादकांनी वाजवून, ठरावीक गळ्याने गाऊन जी ध्वनिफीत तयार झाली ती 'मास्टर'. तिचा मालक रेकॉर्डिंगला पैसे घालणारा, म्हणजे बहुधा कंपनी. जमीन एकच, पण सातबारे दोन, आणि दोन्हींवर वेगवेगळी नावं.

एक गल्लत इथेच टाळू. 'मास्टरिंग' हे वेगळं काम आहे. मिश्रण झालेल्या गाण्याची पातळी आणि पोत शेवटी सारखा करणं, म्हणजे अकराही गाणी एका अल्बमची वाटतील, याला मास्टरिंग म्हणतात. 'मास्टर' हा मालकीचा शब्द, 'मास्टरिंग' हा कारागिरीचा.

बिग मशीनकडे गेले ते मास्टर. रचना तिच्या बाजूला राहिल्या.

स्टुडिओत पैसा कशावर जातो?

कंपनी मालकी का मागते, हे कळायला नॅशव्हिलची कामाची पद्धत थोडी पाहावी लागते.

आधी 'डेमो' होतो. गिटार आणि आवाज, फार तर दोन-तीन वाद्यं. गाणं उभं राहतंय का एवढंच पाहायला. टेलरचे डेमो करणारा नेथन चॅपमन हाच पुढे जवळजवळ संपूर्ण अल्बमचा निर्माता झाला, आणि त्याआधी त्याने कुठला व्यावसायिक अल्बम केलेला नव्हता. कंपनीने धरलेला हा जुगारच होता.

मग मुख्य सत्रं. नॅशव्हिलमध्ये वादक संघटनेच्या दराने येतात आणि सत्र तीन तासांचं धरतात. वादकांना गाणं आधी पाठ नसतं. डेमो एकदा ऐकवतात, समोर एक कागद ठेवतात आणि लाल दिवा लागतो. या कागदावर स्वरलिपी नसते, आकडे असतात. त्याला 'नॅशव्हिल नंबर सिस्टिम' म्हणतात. 1, 4, 5 असं लिहिलं की वादकाने षड्ज, मध्यम आणि पंचमावर उभे राहणारे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) वाजवायचे. आपल्याकडे पेटीवाला काळी एकचं गाणं गायकाच्या सोयीने पांढरी चारमध्ये नेतो; सा सरकतो, सरगम तीच राहते. तसंच तिथे. गायिकेला पट्टी चढी वाटली तर कागद बदलावा लागत नाही, आकडे तेच राहतात.

ताल धरायला कानात 'क्लिक', म्हणजे यंत्राचा ठोका. ड्रम्स, बास, अकूस्टिक गिटार एकत्र वाजतात; बँजो, फिडल, मेंडोलिन, पेडल स्टील बहुतेकदा नंतर वरून चढवतात. गायिका एकच गाणं पाच-सात वेळा गाते आणि प्रत्येक ओळीचा उत्तम तुकडा निवडून एक सलग आवाज जोडतात. चुका होतात त्याही इथेच. ठोका एखाद-दोन घरं जास्त जलद धरला तर शब्द चेपले जातात, आणि वाद्यं चढवून झाल्यावर ते सुधारायचं म्हणजे सगळं पुन्हा वाजवणं. पट्टी अर्ध्या स्वराने चुकीची धरली तर टिपेच्या ओळी ताणल्यासारख्या ऐकू येतात. स्टुडिओ, वादक, अभियंता, मिश्रण, मास्टरिंग, छायाचित्रं आणि त्यानंतर रेडिओवर गाणं लावून घ्यायची खटपट. या सगळ्याला कंपनीचा पैसा लागतो.

पण खर्च कंपनीने केला तर तो कंपनीचाच ना?

बहुतेकांचा इथे गैरसमज होतो. कंपनी जो 'ॲडव्हान्स' देते त्याला आपल्याकडचा नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढची मजुरी त्यात वळती होते. गायकाचं तसंच. हातात दिलेली रक्कम आणि साधारणपणे रेकॉर्डिंगचा खर्चही त्याच्या रॉयल्टीतून वळता होतो. फरक एवढाच, की अल्बम पडला तर गायकाला उरलेली उचल खिशातून फेडावी लागत नाही. ऊसतोड्याला ती सवलत नाही.

हिशेब समजावा म्हणून आकडे धरू. हे या अल्बमचे खरे आकडे नाहीत. उचल आणि रेकॉर्डिंग मिळून 1,00,000 डॉलर. प्रत्येक सीडीमागे कंपनीला 9 डॉलर मिळतात आणि गायिकेच्या खात्यावर 1.50 डॉलर जमा होतात. तिची उचल फिटायला सुमारे 66,667 प्रती खपाव्या लागतील. तोवर कंपनीच्या गल्ल्यात सहा लाख डॉलर आलेले असतील. त्यातून छपाई, वितरण, जाहिरात आणि रचनेची रॉयल्टी जाते हे खरं. तरीही कंपनीचा खर्च भरून निघण्याची वेळ आणि गायिकेचं खातं उघडण्याची वेळ एक नसते. आणि हा या व्यवहारातला सगळ्यात बोचरा भाग: उचल पूर्ण फिटली तरी मास्टर कंपनीचंच राहतं. घराचे हप्ते तुम्ही फेडले आणि घर बँकेच्या नावावर, असा प्रकार.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. बहुतेक नवे अल्बम उचल फेडण्याइतके चालत नाहीत. दहातल्या एक-दोघांवर बाकीच्यांचा तोटा काढायचा असतो, म्हणून चालणाऱ्याचं मास्टर हातचं सोडायचं नाही, हे त्यांचं गणित. ते निर्दय आहे, पण खोटं नाही.

रचनेचे पैसे वेगळ्या वाटेने येतात

मास्टरच्या खात्यावर उचल चढलेली असताना रचनेचं खातं साधारणपणे पहिल्या प्रतीपासून वाहू लागतं. रचना वापरून छापलेल्या प्रत्येक प्रतीमागे गीतकाराला जी रक्कम मिळते तिला 'मेकॅनिकल' रॉयल्टी म्हणतात. नाव आलं 1909 च्या अमेरिकी कायद्यातून, स्वयंचलित पियानोच्या कागदी गुंडाळ्यांमुळे. तेव्हा दर होता 2 सेंट, आणि तो 1977 पर्यंत तसाच राहिला! 2006 साली तो दर गाण्यामागे 9.1 सेंट होता. अकरा गाणी म्हणजे प्रत्येक अल्बममागे जवळपास एक डॉलर, सर्व गीतकार आणि त्यांच्या प्रकाशकांत मिळून.

कंपन्या इथेही कात्री लावतात. जो गायक स्वतः गाणी लिहितो त्याच्या करारात 'कंट्रोल्ड कॉम्पोझिशन' नावाचं कलम घालायची जुनी पद्धत आहे: दर तीन-चतुर्थांश, आणि गाणी कितीही असोत, पैसे दहाचेच. मग 100 सेंटचे 68 उरतात. टेलरच्या करारात काय होतं ते जाहीर नाही, पण नवशिक्याने पहिल्यांदा शोधायचं कलम ते हेच.

या अल्बममधली सात गाणी तिने लिझ रोझ यांच्यासोबत लिहिली (त्यातल्या एकात ब्रायन माहेर हेही आहेत), एक रॉबर्ट एलिस ऑरल आणि अँजेलो पेट्राग्लिया यांच्यासोबत, आणि तीन एकटीने: 'अवर सॉंग', 'शुडव्ह सेड नो' आणि 'दी आउटसाइड'. एकटीने लिहिलेल्यांपैकी पहिली दोन कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. नॅशव्हिलमध्ये रिवाज असा, की लिहायला खोलीत जेवढे बसले तेवढे समान वाटे. कोणी किती ओळी दिल्या याची मोजदाद नाही. त्यामुळे एकट्याने लिहिलेल्या गाण्याचा पैसा थेट दुप्पट.

अमेरिकेतला आणखी एक विचित्र नियम याला जोडून येतो. साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे फक्त रचनेला मिळतात. रेकॉर्डिंगच्या मालकाला आणि गायकाला शून्य. कंट्री संगीताचा तर सारा डोलारा रेडिओवर उभा. कंपन्या रेडिओच्या मागे धावायच्या त्या सीडी खपाव्यात म्हणून. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओचे पैसे मात्र साउंडएक्सचेंज ही संस्था वाटते: 50 टक्के मास्टरच्या मालकाला, 45 टक्के मुख्य गायकाला, 5 टक्के साथीदारांना.

मग मास्टर हिंडलं कुठे कुठे?

सहा अल्बमचा करार संपल्यावर, नोव्हेंबर 2018 मध्ये टेलर युनिव्हर्सलच्या रिपब्लिक रेकॉर्ड्सकडे गेली. पुढच्या मास्टरची मालकी आपली, या अटीवर. मागचे सहा बिग मशीनकडेच राहिले. जून 2019 मध्ये कलाकारांचे व्यवस्थापक स्कूटर ब्रॉन यांच्या इथाका होल्डिंग्जने बिग मशीनच विकत घेतली, सुमारे 30 कोटी डॉलरला, असं तेव्हा छापून आलं. 2020 मध्ये हे मास्टर शॅमरॉक या गुंतवणूक कंपनीकडे गेले, आणि मे 2025 मध्ये टेलरकडे.

गाणं न लिहिणारे, न गाणारे लोक यात कोट्यवधी का घालतात? जुना गाजलेला अल्बम हा भाड्याने दिलेल्या गाळ्यासारखा असतो. नवा खर्च जवळपास नाही आणि दर महिन्याला स्ट्रीमिंगचं भाडं येत राहतं. त्यात पहिला अल्बम बहुधा सर्वात स्वस्तात लिहून दिलेला असतो, कारण त्या वेळी कलाकाराच्या हातात सौदा करण्याजोगं काहीच नसतं.

तेच गाणं पुन्हा गायलं तर ती चोरी नाही?

नाही. अमेरिकी कायद्याचं कलम 114 स्पष्ट सांगतं, की रेकॉर्डिंगचा हक्क त्या प्रत्यक्ष मुद्रित ध्वनीपुरता आहे. कोणी स्वतंत्रपणे वाजवून-गाऊन हुबेहूब नक्कल केली, तरी मास्टरच्या मालकाला अडवता येत नाही. रचनेची परवानगी लागते. ती तिच्याच बाजूला होती. मूळ फितीतला अर्धा सेकंदही वापरायचा नाही, एवढं पथ्य. जुन्या मुखपृष्ठांचाही तोच प्रश्न, म्हणून पुनर्मुद्रित अल्बमवर छायाचित्रं नवी आहेत.

अडवतं ते करारातलं कलम. जवळजवळ प्रत्येक करारात 'अमुक वर्षं तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करणार नाही' असं लिहून घेतात. रूढ मुदत म्हणजे रेकॉर्डिंगपासून पाच वर्षं किंवा करार संपल्यावर दोन वर्षं, यांतली जी उशिरा संपेल ती. टेलरने 2019 मध्येच सांगितलं होतं, की पहिले पाच अल्बम तिला नोव्हेंबर 2020 पासून पुन्हा गाता येतील. त्याप्रमाणे 2021 ते 2023 मध्ये चार अल्बम 'टेलर्स व्हर्जन' म्हणून आले. तिच्या यशानंतर कंपन्या ही मुदत दहा-पंधरा वर्षांवर, कुठे कुठे त्याहूनही पुढे न्यायला बघतात, असं 2023 मध्ये छापून आलं.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक असतो. नवं रेकॉर्डिंग म्हणजे नवा क्रमांक आणि त्याचं वेगळं खातं. तुम्ही ॲपवर कोणती आवृत्ती दाबली, त्यावर पैसे कोणत्या खात्यात जाणार ते ठरायचं.

मग सगळेच गायक असं का करत नाहीत?

कारण नुसतं गाऊन भागत नाही. जाहिरात किंवा चित्रपटात गाणं वापरायचं तर दोन सह्या लागतात: रचनेची 'सिंक' परवानगी आणि मास्टरची परवानगी. जुन्या मास्टरचा मालक एक सही देऊ शकत होता. दुसरी टेलरकडे होती आणि ती नकार देत होती. हे तिने उघड सांगितलं होतं. म्हणजे विकत घेतलेल्या मास्टरची अर्धी दारं बंद. जो गायक दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी गातो, त्याच्याकडे ही दुसरी सहीच नसते. तो पुन्हा गाऊ शकेल, अडवू शकणार नाही. टेलरच्या साऱ्या लढाईतला हुकमाचा पत्ता तिचा आवाज नव्हे, तिचं गीतकार असणं होतं, असं माझं मत आहे.

शिवाय स्टुडिओचा खर्च स्वतःचा, आणि श्रोत्यांनी जुनं सोडून नव्याकडे यायला हवं. ते सहसा होत नाही. लोकांना गाण्याची सवय झालेली असते. श्वास कुठे घेतला तेही कानात बसलेलं असतं. नक्कल करताना ठोका, पट्टी, वाद्यांची जागा तंतोतंत धरता येते. वय धरता येत नाही. पहिल्या अल्बममध्ये तिचा आवाज सोळा वर्षांचा आहे: टिपेला पातळ होणारा, शब्द नाकातून दक्षिणी ढंगाने ओढणारा. तिशीतला कमावलेला गळा तीच ओळ सहज, गोल करून गातो, आणि गाणं जास्त चांगलं होऊनही चुकीचं वाटतं.

सही तर तिनेच केली होती, मग तक्रार कसली?

कायद्याच्या नजरेत हा आक्षेप बिनतोड आहे. करार वैध होता आणि बिग मशीनने त्याप्रमाणेच विक्री केली. तिचा वाद 'मास्टर कोणाला आणि कोणत्या अटींवर विकले' याबद्दल होता, आणि तिथे दोन्ही बाजूंच्या हकिकती जुळत नाहीत. मात्र लहान, अननुभवी कलाकाराची पहिली सही कायमची ठरू नये ही कल्पना अमेरिकी कायद्यातही आहे. कलम 203 नुसार हक्क दिल्यापासून साधारण 35 वर्षांनी मूळ कलावंताला ते परत मागता येतात. निदान दोन वर्षं आधी नोटीस द्यावी लागते. 2006 च्या अल्बमसाठी ती वेळ आली असती साधारण 2041 मध्ये. त्यातही कंपन्या म्हणतात, की रेकॉर्डिंग हे 'नेमून दिलेलं काम' आहे, त्याला हे कलम लागूच नाही. हा वाद अजून नीट मिटलेला नाही.

आपल्याकडे काय?

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षं टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 31सी आलं: गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग झाल्यावर पाच कॅलेंडर वर्षं उलटली, की आगाऊ नोटीस आणि रॉयल्टी देऊन त्याची नवी आवृत्ती काढता येते. किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरावीच लागते आणि मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वापरून दिशाभूल करता येत नाही. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा असा बांधला, की तो वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कोणालाही लिहून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणं तेवढं त्यातून वगळलं आहे.

पहिला करार हातात आलेल्या मराठी गायकाने म्हणूनच आधी 'मालकी' शब्द आहे की 'परवाना' ते पाहावं, परवाना असेल तर किती वर्षांचा. मग पुन्हा गाण्यावरची बंदी किती, आणि उचल कशाकशातून वळती होणार; रचनेच्या पैशातून होत असेल तर तिथे थांबून वकील गाठावा. गाणं दोघा-तिघांनी मिळून केलं असेल तर कोणाचा वाटा किती टक्के हे त्याच दिवशी कागदावर लिहून सगळ्यांनी सही करावी. गाणं गाजल्यावर तो कागद होत नाही.

आणि त्या पहिल्या अल्बमची दुसरी प्रत?

मे 2025 च्या त्याच पत्रात टेलरने सांगितलं, की हा पहिला अल्बम तिने पूर्ण पुन्हा गाऊन ठेवला आहे आणि तो तिला आवडतोही. लोकांना हवासा वाटला तर योग्य वेळी येईल. जुन्या मास्टरला पर्याय म्हणून तयार केलेलं हे रेकॉर्डिंग तयार झालं, आणि मग जुनं मास्टरच तिचं झालं. सोळाव्या वर्षीचा आवाज आणि तिशीतला आवाज, दोन्ही फिती आता एकाच कपाटात आहेत.